पेन्सिलीचे सहा देव

बाबाराव उईके गेले त्याला येत्या पौषात वर्ष होणार होतं, पण त्यांच्या घरची वर्दळ काही गेली नव्हती. माणूस गेला की चार महिने लोक येतात आणि पाचव्या महिन्यापासून वाट विसरतात, असं त्यांच्या मुलीनं, चारुलतानं, गृहीत धरलं होतं. तिचा अंदाज साफ चुकला. लोक बाबारावांसाठी येतच नव्हते. ते वहीसाठी येत होते, आणि वही काही मेली नव्हती.

अठ्ठावन्न वर्षांची चारुलता पोस्टाच्या काउंटरवर बसायची. दिवसभर रांगेची कुरकूर ऐकून, पायांत गोळे येऊन संध्याकाळी गोरेवाड्याच्या अलीकडच्या आपल्या घरी यावं, तर ओट्यावर कोणीतरी बसलेलंच. कधी काटोलहून बसनं आलेलं जोडपं, कधी मौद्याच्या वीजप्रकल्पावर कामाला असलेला एखादा बाप. "जय सेवा, ताई. पोरीचं पाहून राहिलो. पोराकडचं आडनाव कोवे हाय. आमचं जमते का नाही जमत, वहीत पाहता का जरा?" चपला काढायच्या आधी हा प्रश्न. पाणी प्यायच्या आधी हा प्रश्न. ती म्हणायची, रविवारी या, रविंद्र येतो, तो पाहून देईल. लोक रविवारीही यायचे आणि जाताजाता बुधवारीही डोकावून जायचे.

बाहेरच्या माणसाला हा प्रश्न उमजायचा नाही, म्हणून सांगून टाकलेलं बरं. गोंडांमध्ये प्रत्येक कुळाचे देव मोजलेले असतात. कोणाचे चार, कोणाचे पाच, कोणाचे सहा, कोणाचे सात. ज्यांच्या देवांचा आकडा सारखा ते सगळे एकमेकांचे भाऊ, आडनाव काही का असेना. सहा देववाल्याची मुलगी सहा देववाल्याच्या घरी देत नाहीत, ते भावाबहिणीचं लग्न झालं. गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण गाव सोडून दोन पिढ्या शहरात विटा वाहण्यात आणि रिक्षा ओढण्यात गेल्या, की आडनाव तेवढं शाळेच्या दाखल्यावर उरतं आणि देव वाटेत कुठंतरी गळून पडतात.

बाबारावांनी ते गळलेले देव वेचले. माणूस वीज मंडळात लाइनमन. दिवसा खांबावर, संध्याकाळी सायकलवर. नागपुरातल्या एकेका वस्तीत जायचं, उईके, मडावी, सलाम अशी घरं हुडकायची, आणि चहा घेताघेता विचारायचं, "तुमचे देव किती गा?" लोक एकमेकांच्या तोंडाकडं पाहत. मग बाबाराव रजा काढून त्यांच्या मूळ गावाला जायचे. असं एकेचाळीस वर्षं चाललं. मधल्या मधे त्यांनी वस्त्या उठवायला आलेली माणसं परत पाठवली, दाखले मिळवून दिले, रविवारचा गोंडी बोलीचा वर्ग चालवला, समाजभवनाच्या जागेसाठी बारा वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. पण त्यांना विचारलं असतं तर त्यांनी वहीच पुढं केली असती. "ज्याले आपले देव माहीत नाही, त्याले आपला भाऊ कोन हे बी माहीत नाही," असं ते म्हणायचे. हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं, की चारुलताला ते ऐकूनच जांभई यायची.

वहीचे नियम कडक होते. एका माणसाच्या सांगण्यावर शाईनं लिहायचं नाही. ऐकलेलं असेल ते पेन्सिलीनं. मग मूळ गावी जाऊन भूमकाला, म्हणजे गावच्या पुजाऱ्याला, विचारायचं. आणखी एका म्हाताऱ्या माणसाला विचारायचं. दोघांचं जुळलं तर शाई. खाली गाव, सांगणाऱ्यांची नावं आणि तारीख. तारीख नसलेली नोंद बाबारावांच्या लेखी नोंदच नव्हती. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की पेन्सिलीवर कोणाचं लग्न जोडायचं नाही आणि मोडायचंही नाही.

त्यांचं स्वतःचं शिक्षण चौथीपर्यंतचं आणि अक्षर म्हणजे कोंबडीनं उकरलेला उकिरडा. म्हणून पंधराव्या वर्षापासून वही चारुलता लिहायची. ते सांगत, ती लिही. चोविसाव्या वर्षी तिनं लिहिणं बंद केलं, मग रविवारच्या वर्गातली मुलं लिहू लागली. त्यानंतर तेहतीस-चौतीस वर्षं तिनं ती वही उघडलीसुद्धा नाही. पेटीतून काढून द्यायची, परत आली की पेटीत ठेवायची, एवढंच. का, ते घरात कोणी विचारलं नाही. घरात विचारणारं होतंच कोण?

आता येत्या रविवारी समाजभवनाला बाबारावांचं नाव देणार होते. कार्यक्रम मोठा होता, मंडप, पिवळे दुपट्टे, सगळं. त्यात चारुलतानं वही समितीच्या स्वाधीन करायची आणि समितीनं ती छापून घरोघर द्यायची, असं ठरलं होतं. समितीचा सचिव रविंद्र कुंभरे हा चाळिशीचा, धावपळ्या माणूस. त्यानं हे सांगितलं तेव्हा चारुलताला पहिल्यांदा मनापासून बरं वाटलं होतं. न्या बाबा एकदाची. माझा ओटा मोकळा करा.

पण सुटका इतक्या सहजी कोणाची होते? त्या रविवारच्या आधीच्या सोमवारी तिची भाची मयुरा आली. धाकटा भाऊ गोपाळ, त्याची ही एकुलती एक मुलगी. आईवेगळ्या गोपाळला चारुलतानंच वाढवलं होतं, म्हणून मयुराचा जीवही आत्यावर. एका दवाखान्याच्या लॅबमध्ये नोकरी करायची. येऊन बसली, दुपट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिली आणि म्हणाली, "आत्या, एक मुलगा हाय. मेट्रोत कामाले हाय. आपल्याच समाजाचा हाय. बाबा म्हणते, आधी वहीत पाहू, मंगच पुढं बोलू."

"आडनाव काय त्याचं?"

"इरपाची. मोहित इरपाची."

चारुलता भाजी निवडत होती, ती निवडतच राहिली. नागपुरात इरपाची आडनावाचं एकच घर होतं. तिला ते चांगलं माहीत होतं.

"त्याच्या वडिलांचं नाव हिरामण का?"

"तुले कसं माहीत?"

"रविवारच्या वर्गाले यायचे ते. लय जुनी गोष्ट हाय," ती म्हणाली आणि मेथीची काडी बाजूला टाकली.

लय जुनी म्हणजे एक्क्याण्णव सालची. हिरामण इरपाची वनखात्याच्या कचेरीत टायपिस्ट होता. मूळ गाव सातपुड्याच्या पलीकडं, आईबाप लहानपणीच गेलेले, मामानं नागपुरात आणून वाढवलेला. गोंडी शिकायला म्हणून वर्गाला यायचा आणि शिकता शिकता तिच्याकडं पाहायचा. वर्षभर ती दोघं फुटाळा तलावाच्या पाळीवर बसून भाजलेले भुईमुगाचे दाणे खात आणि पुढचं ठरवत. मग त्यानं रीतसर मामाला पाठवून मागणी घातली.

त्या वर्षी बाबारावांनी तीन सोयरिकी मोडल्या होत्या, तिन्ही देव सारखे निघाले म्हणून. तीन घरांत रडारड झाली होती आणि ती तीनही घरं आता डोळे लावून बसली होती, की नेत्याच्या पोरीला कोणता न्याय मिळतो. इरपाचीचे देव किती, हे नागपुरात कोणालाच सांगता येईना. हिरामण म्हणाला, "आमच्याकडं सात मानतात असं मामा म्हणते, पण नक्की सांगनारं कोनी राह्यलं नाही." बाबारावांनी रामटेकच्या बाजूच्या एका भूमकाला विचारलं. तो म्हणाला, सहा. उईके सहा देववाले. घरी येऊन बाबारावांनी सांगितलं आणि चारुलतानं लिहिलं: इरपाची, सहा देव. पेन्सिलीनं.

चार दिवसांनी लिंबाखाली पंच बसले. चाळीसेक माणसं होती. बाबाराव उभे राहिले आणि म्हणाले, "सहा अन् सहा. भाऊभैन लागतात. विषय संपला." स्वतःच्या पोरीसाठी नियम वाकवला असं कोणी म्हणू नये, म्हणून त्यांनी नियम वाकवला. पेन्सिलीवर लग्न मोडलं. आणि ते पेन्सिलीचं होतं, हे त्या चाळीस माणसांत फक्त दोघांना ठाऊक होतं. एक बाबाराव. दुसरी ती, पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी. तिला तोंड उघडता आलं नाही. आईला जाऊन दोन महिने झाले होते, गोपाळ बारा वर्षांचा होता, आणि बाप पंचांसमोर उभा होता. तिच्या जागी दुसरी कोणी असती तर बोलली असती का? कोण जाणे. ती नाही बोलली, आणि ते तिनं स्वतःला कधी माफ केलं नाही.

त्या रात्री बाबाराव नुसतं म्हणाले होते, "थंडीत तिकडं जाऊन येतो मी. त्याच्या गावाले. इचारून येतो." जानेवारीत ते चार दिवस खरंच गेले. परत आले तेव्हा तिच्यासाठी एक काळी घोंगडी आणली होती. ती दोन दिवस त्यांच्या मागंमागं राहिली, जेवायला वाढताना थांबली, दिवा लावताना थांबली. ते काही बोलेनात. तिसऱ्या दिवशी अंघोळीचं पाणी काढताना म्हणाले, "थंडी लय व्हती तिकडं." एवढंच. तिनं समजायचं ते समजून घेतलं. सहाच निघाले असणार. पंधरा दिवसांनी त्यांनी वही पुढं केली तेव्हा ती म्हणाली, "तुमची वही आता तुमीच लिहा." मे महिन्यात हिरामणचं लग्न झालं. बाबाराव समाजाचे मोठे म्हणून लग्नाला गेले, तीही गेली. न जाऊन सांगणार काय? पुढं तिला स्थळं आली, पण तिचं मन उठलं होतं. गोपाळची शाळा, मग त्याचं लग्न, मग बाबांचं म्हातारपण, मग त्यांचं दुखणं. आयुष्य असं एकेका कामानं भरून गेलं आणि ती दमून गेली. आता मयुरालाही तेच सहा ऐकावे लागणार, असं तिला वाटत होतं, पण ते आधी सांगायला तिची जीभ रेटली नाही.

शनिवारी दुपारी तीन वाजता सगळे तिच्या घरी जमले. गोपाळ आणि मयुरा. इरपाचींकडून मोहित, हिरामण आणि त्याची बायको देवकी. वहीसाठी रविंद्र. शिवाय बाबारावांची बहीण, अठ्ठ्याहत्तर वर्षांची कौसल्याबाई, उद्याच्या कार्यक्रमासाठी देवलापारकडच्या खेड्यातून आदल्याच दिवशी आली होती. ती भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती आणि कोणी काही विचारलं तर ऐकू न आल्यासारखं करत होती. तिला चांगलं ऐकू यायचं.

हिरामण जाडा झाला होता, केस गेले होते. तो आल्यापासून एकदाही चारुलताकडं सरळ पाहत नव्हता. देवकी मात्र पाहत होती, शांतपणे. ती बारीक चणीची, नेटकी बाई होती. तिनं येताना घरच्या झाडाची संत्री आणली होती, ती तिनं स्वतः आत नेऊन ठेवली.

रविंद्रनं हात धुतले, वहीला नमस्कार केला आणि पानं उलटायला लागला. "अ... आ... इ... इनवाते... इरपाची. हे पाहा." मग तो थांबला. चष्मा वर केला, खाली केला. "इथं पेन्सिलीनं सहा लिहिलं हाय. चारूताई, तुमचं अक्षर दिसते. पन ते काटलं हाय. खाली दादाजीच्या हातचं काही हाय, मले लागून नाही राह्यलं. तुमीच वाचा."

बाबारावांचं अक्षर जगात एकाच माणसाला लागायचं. मयुरा तिच्याकडं अशी पाहत होती, जसं निकालाच्या दिवशी पोरं फळ्याकडं पाहतात. चारुलतानं पदरानं चष्मा पुसला आणि तेहतीस वर्षांनी वही मांडीवर घेतली.

वर तिचीच पेन्सिल. इरपाची, सहा देव. त्यावर शाईची आडवी रेघ, मारताना निब कागदात रुतलेली. खाली तो उकिरडा. तिनं आधी मनात वाचलं, मग पुन्हा वाचलं.

"पेन्सिलीचं चूक," ती मोठ्यानं वाचू लागली. "इरपाचीचे देव सात. गाव खमारटोला. सांगनारा भूमका झाडू इरपाची. दुसरी सांगनारी सुगनाबाई, वय ऐंशीच्या वर."

मयुरानं दोन्ही हात तोंडावर धरले. गोपाळ म्हणाला, "सात अन् सहा. म्हंजे जमते." मोहितनं पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकली.

"थांबा ना जरा," रविंद्र म्हणाला. त्याच्या हातात पेन होतं आणि गुडघ्यावर समितीचं रजिस्टर. "तारीख काय हाय, ताई? तारखेबिगर नोंद दादाजी मानत नव्हते. उद्या कोनी उठून इचारलं तर मले दाखवता आलं पाह्यजे."

तारीख होती. खाली, कोपऱ्यात, त्याच अक्षरात. आकडेही बाबाराव तसेच काढायचे, कोंबडीच्या पायांसारखे.

तिनं त्या आकड्यांवर अंगठा ठेवला. ही तारीख तिच्याशिवाय इथं कोणाला वाचता येणार नव्हती. ब्याण्णवचं त्र्याण्णव म्हटलं असतं तर कोणाचं काय बिघडणार होतं? मे महिन्याच्या पुढची कुठलीही तारीख चालली असती. बापाचं नाव उद्या भवनावर लागायचं होतं. हिरामण आणि देवकीचा संसार भरलेला होता, त्यांचा मुलगा समोर बसला होता. आणि तारीख पुसली गेली म्हणावं, तर मयुराचं लग्न अडत होतं. म्हणजे खोटी तारीख सांगणं सगळ्यात सोपं. जीभ जरा वळवायची फक्त. पण ती आधी एकदा गप्प राहिली होती, पेन्सिल माहीत असून. त्या गप्प राहण्याचं तिनं काय केलं होतं? आयुष्यभर तेच उगाळत बसली होती. आता आणखी एक खोटं घेऊन म्हातारपणात शिरायचं, एवढी ताकद तिच्यात उरली नव्हती.

"अकरा जानेवारी," ती म्हणाली. "एकोणीसशे ब्याण्णव."

रविंद्रनं लिहून घेतलं. "म्हंजे तेहतीस वर्षांपासून शाईत हाय. मंग तर सवालच नाही. अभिनंदन करा एकमेकाचं."

गोपाळ उठून मोहितच्या गळ्यात पडला. मयुरा रडत होती आणि हसत होती. ती आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "आजोबानं माझ्यासाठीच लिहून ठेवलं जसं." चारुलता तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

हिरामण तसाच बसला होता. त्यानं पहिल्यांदा मान वर केली आणि चारुलताकडं पाहिलं, आणि तिला दिसलं की त्यानं हिशेब केलेला आहे. मग तो उठला, कोपऱ्यातल्या माठातून पाणी घेतलं आणि पाठमोरा उभा राहून ते बराच वेळ पीत राहिला.

"आमचं लगन ब्याण्णवच्या मे महिन्यातलं," देवकी म्हणाली. कोणाला उद्देशून नाही, नुसतं म्हणाली. गडबडीत ते कोणाच्या कानावर गेलं नाही. मग ती चारुलताच्या शेजारी येऊन बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "मले ठाऊक व्हतं ताई, तुमचं नाव. त्याहिनं लगनाच्या आधीच सांगतलं व्हतं. तारीख नव्हती ठाऊक." तिनं चारुलताचा हात धरला नाही, काही नाही. पण ती तिथून हललीही नाही.

चहा ठेवायला चारुलता आत गेली. मागोमाग भिंतीचा आधार घेत कौसल्याबाई आली आणि ओट्याला टेकली.

"आत्याबाई, तुमाले माहीत होतं," चारुलता म्हणाली. तिनं विचारलं नाही.

"व्हतं."

"बाबानं सांगतलं?"

"तिकडून येताना माह्याच घरी उतरला व्हता तो," म्हातारी म्हणाली. "रातभर बसून राह्यला. म्हने, कौसल्या, चुकी झाली, सात हायत. चारूले सांगू का? मीनं म्हटलं, सांगशीन तं पोरगी निंघून जाईन. तुही बायको आता मेली, पोरगा लहान हाय, तू खांबावर चढतं. घर कोन पाह्यन? अन् पंचात कोन्या तोंडानं सांगशीन? ते तीन घरं तुले जित्ता ठेवतीन का? वहीवर कोन इस्वास ठेवन?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "तो म्हने, मंग लिहू बी नोको का? मीनं म्हटलं, नोको लिहू. पन लिहिल्याबिगर त्याले राहवलं नसन. मले वाटलं, तू कवा तरी पाहशीन वहीत."

चहा उकळून वर आला. चारुलतानं गॅस बारीक केला. तिला राग यायला हवा होता, आणि तो आलाही, पण तो कोणावर काढायचा? एक मेलेला, एक मरायला टेकलेली. बाबाराव तेहतीस वर्षं त्याच घरात, त्याच पेटीजवळ झोपले. तिनं एकदा वही उघडावी म्हणून थांबले असतील का? का ती उघडत नाही म्हणून त्यांना बरं वाटत असेल? दोन्ही खरं असेल. तिला वडिलांची कीव आली आणि आपलीही आली. आणि कपबशा तर भरायच्याच होत्या.

"आठ कप झाले का पाहा वं," ती म्हातारीला म्हणाली.

तेवढ्यात रविंद्र आत आला. त्याला काही तरी सुचलं होतं. "ताई, एक गोष्ट होती. छापताना ते पेन्सिलीचं, काटलेलं, ते गाळून टाकतो मी. सरळ 'इरपाची, सात देव' छापतो. दादाजीच्या वहीत चुकी होती असं लोकं बोलतीन. नाव देऊन राह्यलो भवनाले, अन् कायले उगाच?"

चारुलतानं कप भरले. साखरेचा डबा बंद केला. मग म्हणाली, "नाही. जसं हाय तसं छापा. काटलेलं बी छापा. 'पेन्सिलीचं चूक' हे बी. तारीख बी."

"लोकाहिले समजनार नाही, ताई."

"ज्याले समजाचं त्याले समजन. त्याहिनं ते पान फाडून फेकलं नाही, रविंद्र. रबरानं मिटवताही आलं असतं. त्याहिनं ठेवलं ना? मंग आपन कोन गाळनारे?"

रविंद्रला हे फारसं पटलं नाही, पण बाबारावांच्या मुलीशी वाद घालायची त्याची हिंमत नव्हती. तो चहाचा ट्रे उचलून बाहेर गेला.

रविवारी मंडप भरला होता. ढोल वाजत होते, पिवळ्या दुपट्ट्यांनी मैदान भरून गेलं होतं. भवनाच्या दारावर बाबारावांचं नाव लागलं आणि त्यांचा मोठा फोटो, वीज मंडळाच्या टोपीतला. भाषणं लांबत गेली. एकेकानं सांगितलं, दादाजी कसे ताठ होते, दादाजींनी स्वतःच्या घरच्यासाठीही कधी नियम मोडला नाही. चारुलता पहिल्या रांगेत बसून ऐकत होती. पाठ दुखत होती. तिला मनातून वाटत होतं, की हे लवकर आवरावं आणि जाऊन आडवं व्हावं.

मग तिला बोलावलं. तिनं वही समितीच्या हातात दिली. रविंद्रनं माइक तिच्यापुढं धरला आणि दोन शब्द बोला म्हणाला. तिनं भाषण आणलं नव्हतं.

"माह्या बाबाचा एक नियम होता," ती म्हणाली. "पेन्सिलीवर कोनाचं लगन मोडू नोका. वही आता तुमच्या हाती हाय. एवढं पाळा."

एवढं म्हणून ती खाली उतरली. लोकांना वाटलं, किती थोडक्यात आणि किती छान बोलली, बापाचीच मुलगी. टाळ्यांचा कडकडाट झाला. तिसऱ्या रांगेत बसलेल्या हिरामणनं टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यानं दोन्ही हात जोडले आणि ते तसेच धरून ठेवले.

परतताना मयुरा तिच्यासोबत रिक्षात बसली. आनंदानं तिची बडबड थांबत नव्हती. साखरपुडा कधी, साडी कोणती, आत्यानं कुठं उभं राहायचं. चारुलता हो हो म्हणत होती. हवेत गारठा आला होता. घरी गेल्यावर पहिलं काम म्हणजे ती काळी घोंगडी काढायची, असं ती मनात म्हणत होती. इतक्या वर्षांत ती जागोजाग विरली होती, पण ऊब अजून तीच देत होती.

"आत्या, आजोबा एवढ्या दूर गेले होते ना, त्या खमारटोल्याले," मयुरा म्हणाली. "तिकडून आले तेव्हा काय सांगत होते गं?"

चारुलतानं साडीचा पदर खांद्यावरून ओढून घेतला.

"थंडी लय होती तिकडं, म्हणे," ती म्हणाली.